काळीज कुणाच्या आवाजात बोलतं

पुरुषानं नर्सिंग करावं हे आमच्या म्हसावदला कुणालाच पटलं नव्हतं, माझ्या आईला तर नाहीच. घरी केळी, ऊस, धाकटा भाऊ शेतीत रमलेला, आणि थोरला मी दवाखान्यात. ती शेजारणीला कपाळावर हात मारून सांगायची, "काय सांगू बाई, मन्हा आंडोर दवाखानामा पोरेसले दूध पाजस, आनि त्याना पगार लेस!" आंडोर म्हणजे मुलगा. नातेवाइकांना ती मी 'डॉक्टरच्या हाताखाली' आहे एवढंच सांगायची. खोटं नव्हतं ते.

खात्यात आम्हाला ब्रदर म्हणतात. सातपुडा चढून गेलो तसा त्या ब्रदरचा 'बदर' झाला. "ए बदर, तू इकडे ये!" म्हातारी असो की शाळकरी पोर, हाक हीच. पावरी बोलीत अहोजाहो नाही. पहिलं वर्षभर मला राग यायचा, पाटलाचा पोरगा ना मी! मग एकदा कलेक्टरसाहेब वॉर्ड बघायला आले आणि एका आजीनं त्यांनाही "तू बस ना, उभा का?" म्हटलं. त्या दिवशी माझा राग गेला तो गेला. पुढे मला पावरी चांगली यायला लागली. या लेखात तिकडच्या माणसांचं बोलणं मी मराठीत मांडतो आहे, फक्त त्यांचा 'तू' तसाच ठेवलाय.

संपादक म्हणाले, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत, पण निवृत्तीनंतर दुपारी डोळा लागता लागता जी गोष्ट मला जागं करते ती गमतीची नाही. तीच लिहितो.

मोलगीच्या पलीकडे डोंगरात एक ग्रामीण रुग्णालय आहे. तिथल्या कुपोषित मुलांच्या वॉर्डात माझी बरीचशी नोकरी गेली. बाहेरच्या माणसाला वाटतं, कुपोषित मूल म्हणजे भुकेलं मूल, खायला घातलं की झालं. आमच्या कामाचा पहिला धडा बरोबर उलटा आहे. फार खंगलेल्या मुलाला भूक लागतच नाही. आणि पहिल्याच दिवशी त्याला पोटभर घातलं तर ते दगावू शकतं. म्हणून सुरुवातीला पातळ दूध, तेही मोजून, थोड्या थोड्या वेळानं द्यायचं. अंग उबदार ठेवायचं. भूक जागी झाली की मग हात सैल सोडायचा. आयाबायांना हे सांगताना जीव मेटाकुटीला येतो. "एवढं मोठं सरकार, आणि उपाशी लेकराला दोन घोट दूध?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढे तेच वाक्य मी आधी म्हणायचो आणि मग समजावायला बसायचो.

एक आजोबा तर पळसाच्या पानात बकऱ्याची कलेजी बांधून घेऊन आले. नातवाच्या खाटेवर पुडकं ठेवलं आणि म्हणाले, "ह्याचं गेलंय, हे बसव." मी म्हटलं, बाबा, हा काही ट्रॅक्टर नाही, पार्ट बदलायला. ते हसले नाहीत. पुडकं उचलून बाहेर गेले आणि चिंचेखाली ठेवून, हात जोडून परत आले. काळीज, म्हणजे हीच कलेजी, कोणीतरी खाल्लं की माणूस असा वाळतो, ही तिकडची पक्की समजूत. खाणारी बाई असते, तिला डाकीण म्हणतात. आम्ही सपाटीवरचे लोक याला हसतो आणि घरी लेकराला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधतो. माझ्याही मनगटाला होता, आईनं बांधलेला.

वॉर्डातली शांतता मला शेवटपर्यंत अंगवळणी पडली नाही. मुलांचा वॉर्ड म्हटला की कलकलाट हवा. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी बाहेर जीपचे हॉर्न, कोंबड्यांचा ओरडा, ताडीवरून भांडणं, आणि आत एवढीएवढीशी मुलं डोळे उघडे ठेवून पडलेली. रडत नाहीत, मागत नाहीत, माशी बसली तर हाकलत नाहीत. झोपेतही पापणी अर्धीच मिटते. वैशाखात पत्रा तापून आम्ही घामानं निथळत असायचो आणि पोराच्या पावलाला हात लावला की ते गार लागायचं. गुळाचा खडा ओठाला लावला तर पोरं तोंड फिरवायची. मूल गुळाकडे पाठ करतं, हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही कसं वाटतं ते.

हे असं का, ते मला आमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या देशावरच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण कुणाला न दुखावता शिकवण्याची हातोटी होती. ड्युटीरूममध्ये चहा पिताना त्या म्हणाल्या, "ब्रदर, आपण लिव्हरला पचनाचा कारखाना समजतो. ते नुसतं कारखाना नाही, हुकूमही सोडतं." खूप उपाशी राहिलं, किंवा खाण्यात डाळ-दूध-अंडं असं कसदार काही नसलं, की यकृत एक द्रव्य रक्तात सोडतं. संप्रेरक. त्याचं नाव एफजीएफ एकवीस. ते रक्तातून अंगभर हिंडतं आणि जिथं जाईल तिथं वेगळी आज्ञा देतं. चरबीला म्हणतं, साठा मोकळा कर. खुद्द यकृताला म्हणतं, त्या चरबीचं इंधन बनव, मेंदूला पुरव. हाडांना म्हणतं, उंची वाढवणं थांबवा. मेंदूला म्हणतं, गोडाची ओढ सोड. उंदरांमध्ये तर असं दिसलंय की अंग थंड पडतं, हालचाल मंदावते, मादीला पिल्लं होणं थांबतं. "माणसात यातलं किती, ते अजून नक्की नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे एकटंच सगळं करत नाही, बाकीची संप्रेरकंही असतात. पण हुकूम यकृतातून सुटतो, हे खरं."

घरातले दाणे संपत आले की जाणती बाई जशी एकेकाचं ताट आखडतं घेते, तसं काहीसं मला ते वाटलं. कुणाला मारायला नाही, सगळ्यांना जगवायला. त्या द्रव्याची तपासणी आमच्याकडे होत नव्हती, जिल्ह्यालाही होत नसावी. तरी आम्ही आपसात त्याला 'एकवीस' म्हणायला लागलो. गुळाकडे पाठ फिरवणारं पोर आलं की मी म्हणायचो, "मॅडम, ह्याचं एकवीस चढलेलं दिसतंय." त्या हसून म्हणायच्या, "असेल, ब्रदर. अंदाजावर औषध देऊ नका म्हणजे झालं."

बुध्या आला तो मणिबेलीकडच्या, धरणाच्या पाण्याकाठच्या एका पाड्यातून. दोनेक वर्षांचा असेल. हातापायाच्या काड्या आणि पावलांवर सूज. बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. बरोबर आई जमनी आणि बाप खेमा. खेमा बोलका, जमनी अगदी अबोल. ती माझ्या हाताकडे बघत बसायची. दूध कसं ढवळतो, वाटी कशी धरतो, सगळं.

सूज होती म्हणून डॉक्टरबाईंनी पोटाची सोनोग्राफी केली. त्या दिवशी मी बाजूच्या खोलीत दुसऱ्या मुलाला सलाईन लावत होतो. दार उघडं होतं, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला. रायली मावशी दुभाषी होत्या. त्या आमच्या वॉर्डातल्या जुन्या कामवाल्या, पावरा समाजातल्याच, दोन्ही भाषा सारख्याच येणाऱ्या. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. यकृत चरबीनं पांढरट दिसत होतं. 'यकृत' म्हटलं तर जमनीला काय कळणार, म्हणून त्यांनी मुद्दाम सोपा शब्द घेतला.

"हे बुध्याचं काळीज. हे सगळ्या अंगाला सांगतंय, भूक बंद करा, वाढू नका, गार पडा. म्हणून तो असा झालाय."

रायली मावशींनी ते पावरीत सांगितलं. एकही शब्द चुकवला नाही. तिकडेही शब्द जवळपास हाच आहे.

जमनीनं विचारलं, "काळीज कुणाच्या आवाजात सांगतं?"

डॉक्टरबाईंना प्रश्न गोड वाटला. त्या हसल्या. म्हणाल्या, "आवाज नसतो गं. रक्तातून बोलतं ते."

हेही मावशींनी जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या सकाळी खेमा न सांगता पाड्याला निघून गेला. आम्हाला वाटलं, मोहफुलं वेचायचे दिवस, गेला असेल.

त्यानंतर वॉर्डात जे सुरू झालं ते मी कुणाला फारसं सांगत नाही, कारण सांगताना ते वेडगळ वाटतं. दुपारची वेळ होती. मी दूध घेऊन आत गेलो तर जमनी बुध्याच्या उजव्या बरगडीखाली कान लावून बसली होती, डोळे मिटून. मला वाटलं, श्वास बघते आहे. पण पुढच्या खाटेवरची बाईही तशीच. तिच्या पुढचीही. खोलीभर बाया आपापल्या लेकराच्या पोटाला कान लावून, वाकून, स्तब्ध बसल्या होत्या आणि मुलं छताकडे उघड्या डोळ्यांनी बघत होती. कुणी हलत नव्हतं. माझ्या हातातल्या वाट्या किणकिणल्या तशी एकीनं न बघताच बोट ओठांवर ठेवलं.

मी नेहमीच्या करड्या आवाजात विचारलं, "काय आहे हे?"

"ऐकतोय," जमनी म्हणाली. "बोलतं ते. पण शब्द कळत नाहीत."

मी स्टेथोस्कोप लावला. आतडी गुडगुडत होती, सगळ्यांचीच गुडगुडतात. तसं सांगितलंही. मग स्टेथोस्कोप काढताना लक्षात आलं की गरज होती त्यापेक्षा बराच जास्त वेळ मी तो लावून ठेवला होता. संध्याकाळी मी रायली मावशींना खडसावलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला बोलतोस, बदर? मी काय वेगळं सांगितलं? मॅडमनं जे म्हटलं तेच म्हटलं." खरंच होतं ते, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या शास्त्रानं सांगितलेली गोष्ट डोंगरात पोचेपर्यंत शब्दानं तीच राहिली होती आणि अर्थानं भलतीच झाली होती. काळजातून दुसरंच कोणी बोलतं आहे, आणि ते रक्ताचं आहे. रक्ताचं म्हणजे नात्यातलं.

डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या पांढऱ्याफटक पडल्या. "मी सोपं करायला गेले, ब्रदर," एवढंच म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मोलगीच्या बाजारात पुढची बातमी लागली. खेमानं पाड्यात बडव्याला, म्हणजे तिथल्या भगताला, दाणे बघायला लावले होते. नाव निघालं वेस्तीफुईचं. फुई म्हणजे आत्या, खेमाच्या बापाची बहीण ती. नवरा वारल्यावर माहेरी परतलेली, पाण्याच्या कडेला एकटी झोपडी करून राहणारी. खेमाची आई लवकर गेली, त्याला हिनंच अंगाखांद्यावर वाढवलेलं. आता पाड्यानं तिला ताकीद दिली होती, बुध्याचं काळीज परत दे. पोर गेलं तर तुझीही खैर नाही. तिथं अशा बोलण्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो आणि कुणी तो उलगडून सांगत नाही.

डॉक्टरबाईंनी पोलिसांना कळवलं आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला भाषा येते. तुम्ही पुढे जा." मी आणि रायली मावशी जीपनं गेलो, तिथून पुढे धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर होडी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या सागांचे वाळके शेंडे वर येतात. एके ठिकाणी होडीवाल्यानं इंजिन बंद केलं, फांदीत पंखा अडकू नये म्हणून. भर दुपारी इतकी शांतता मी फक्त माझ्या वॉर्डातच अनुभवली होती. मावशींनी पाण्याकडे हात केला आणि म्हणाल्या, "खाली गाव आहे. फुईचं लग्न तिथं झालं होतं." मी खाली बघितलं नाही. उगाच काहीतरी दिसायचं.

आधी पाड्यात गेलो. पोलीस पाटलाला बोलावून कायदा सांगितला, शिक्षा सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाद कुणीच घातला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "कायदा काळीज परत देतो का?" बडवाही तिथंच होता. तसा भला माणूस, कितीतरी मुलं त्यानं स्वतःहून आमच्याकडे पाठवलेली. मला म्हणाला, "मी काय केलं, बदर? रक्तातून बोलतं असं तुझ्या डॉक्टरनं मशीनवर बघून सांगितलं. मी फक्त रक्त कुणाचं ते पाहिलं." माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यात एफजीएफ एकवीस होतं.

वेस्तीफुईची झोपडी लख्ख सारवलेली होती. कणगीत मोर, म्हणजे तिकडची भगर, होती, शिंक्यावर ज्वारी होती, चूल मात्र थंड. फुई बाहेर उन्हात भिंतीला टेकून बसली होती. तिला बघितलं आणि मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. ती नजर मला पाठ होती. उघडी, स्थिर, कशाच्याही मागे न फिरणारी. कातडी हाडांवर ताणलेली. मी नाडी बघायला हात धरला तर तो गार, तापलेल्या भिंतीला टेकलेला असूनही गार. खिशातला गुळाचा खडा काढून दिला. तिनं तोंड फिरवलं.

"कधीपासून जेवली नाहीस?"

"पोराला तुझ्याकडे नेलं तेव्हापासून," ती म्हणाली. "नाव निघायच्या आधीच मला वाटलं होतं, माझंच निघेल. पाणी पिते. भूक आधी लागायची. आता नाही लागत. आता बरं वाटतं."

"कशासाठी पण?"

"परत देते आहे ना." मग जराशानं तिनंच विचारलं, "बुध्या रडला ना?"

बुध्या खरोखरच रडला होता. आम्ही निघालो त्याच सकाळी, पहिल्यांदाच, चांगला टाहो फोडून. सूज उतरू लागली होती, आणि वाटी रिकामी झाल्यावर त्यानं आणखी मागत माझ्या हातावर चापट मारली होती. आमच्या वॉर्डात याहून मोठा सण नसतो. पण हे तिला कुणी सांगितलं? त्या भागात मोबाईलला रेंज नाही. मी होडीवाल्याकडे बघितलं. "मी नाही सांगितलं," तो म्हणाला. मावशीही "मी नाही" म्हणाल्या, आणि त्या माझ्यासोबतच होत्या.

फुई आमच्याबरोबर आली ती पोराला बघायला. जेवायचं नाही, या अटीवर. दवाखान्यात खेमा परत आलेला होता, तो दारात आडवा उभा राहिला. आत येऊ देईना. म्हणून ती व्हरांड्यात बसली, भिंतीला टेकून, तशीच. डॉक्टरबाईंनी तपासलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फार दिवस नाही काढणार या. सलाईन लावू देत नाहीत, घोटभर दूध घेत नाहीत. जबरदस्ती कशी करायची?" मग त्या तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. या वेळी त्यांनी काळीज हा शब्द तोंडातून निघू दिला नाही. यकृत, रक्त, दूध, औषध. मी पावरीत सांगत होतो. फुई मान हलवत होती. ऐकून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"बदर, तू खरं सांग. मी खाल्लं होतं का?"

"नाही गं, फुई. कुणीच नाही खाल्लं."

"मग बरा कसा झाला?"

"दुधानं झाला. आम्ही रोज देत होतो."

"दूध तू आधीपण देत होतास," ती म्हणाली. "तेव्हा का नाही रडला?"

याला उत्तर आहे. उपाशी अंगाला सूर बदलायला वेळ लागतो, यकृतावरची चरबी उतरायला लागते, जंतुसंसर्ग जातो, मग एका सकाळी भूक उघडते. ती सकाळ कोणती, हे मात्र कोणताच डॉक्टर आधी सांगू शकत नाही. मी इतकी वर्षं तेच बघत आलो. पण तिच्या डोळ्यांत बघून ते सांगायला माझी जीभ रेटेना. ती खोटं बोलत नव्हती, नाटक करत नव्हती. नक्की न आठवणारी गोष्ट कुणाला तरी विचारावी, तसं ती विचारत होती. एवढी माणसं म्हणतात तर झोपेत, नकळत, असेलही झालेलं, असं तिला वाटायला लागलं होतं. एका बाईला तिच्याच काळजाबद्दल शंका यावी, याहून वाईट मी त्या वॉर्डात काही पाहिलं नाही, आणि मी मुलांचे मृत्यू पाहिलेत. मला रडू फुटलं. पाटलाचा पोरगा, एवढा अनुभव, आणि व्हरांड्यात उभा राहून शर्टच्या बाहीनं डोळे पुसत होतो.

"मी आता खाल्लं," ती सांगत होती, "की ते परत त्याच्यातून इकडे येईल. म्हणून नाही खात."

दुसऱ्या दिवशी ती बसल्या जागी कलंडली. मावशींनी उचलून धरलं. दुपारची जेवणं चालली होती. जमनी बुध्याला कडेवर घेऊन बाहेर आली. इतके दिवस ती बोलली म्हणजे तो प्रश्न, आणि बरगडीला कान लावून म्हटलेली ती दोन-तीन वाक्यं. तिच्या हातात तिचं स्वतःचं ताट होतं, भाकरी आणि पातळ डाळ.

खेमा ओरडला, "तिकडे नको नेऊ त्याला!"

"तू थांब," जमनी म्हणाली. "ही अशीच मेली तर काय होईल? मग माझ्या पोरात कायमची बोलत बसेल. तेव्हा कुठं शोधायचं हिला? जिवंत आहे तोवर हिचं बोलणं हिच्याजवळ राहू दे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तुला कोणी मोठं केलं रे?"

खेमा बाजूला झाला. वॉर्डातल्या बाया आपापली मुलं घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. जमनी फुईसमोर बसली आणि तिनं बुध्याला उचलून सरळ फुईच्या मांडीवर ठेवलं. फुई दचकून हात मागे घ्यायला लागली. जमनीनं तिचे दोन्ही हात धरून पोराभोवती घातले. बुध्यानं तिच्या गळ्यातल्या मण्यांची माळ पकडली.

जमनीनं भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला. मी म्हटलं, "लहान घास कर. अगदी लहान. हिलाही पोरांचाच नियम." तिनं तो अर्धा केला, परत अर्धा केला आणि फुईच्या ओठांशी धरला.

"खा. मी बसलेय इथं. त्याला काही झालं तर माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे."

डॉक्टरबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी खिशातून स्टेथोस्कोप काढला आणि परत आत ठेवला. फुई पोराकडे बघत होती, जमनी पोराकडे बघत होती, दारातल्या सगळ्या बाया पोराकडे बघत होत्या. बाहेर एक जीप सुरू होऊन निघून गेली. फुईनं तोंड उघडलं. तिनं तो घास बराच वेळ चावला, जणू चावायचं कसं तेच विसरली होती. मग तिचा गळा हलला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी खाली बसलेलो आहे आणि माझी बोटं बुध्याच्या उजव्या बरगडीखाली आहेत, आत दाबून, यकृताची कड चाचपत. तपासायचं काहीच कारण नव्हतं. सकाळीच तपासलं होतं.

फुईनं माझा हात बघितला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आहे?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

तिनं जमनीचा हात बाजूला केला आणि दुसरा घास स्वतःच्या हातानं घेतला.